चाल कुणाच्या बापाची?

मागच्या अंकात आपल्याच एका मित्राने भीमगीतांवर दीड पान लिहिलं. मुद्दा थोडक्यात असा, की सिनेमाच्या चालीवर रचलेली गाणी म्हणजे उष्टी गाणी. ज्या समाजाने मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, दारोदार भाकरी मागायचं सोडलं, त्याने दुसऱ्याच्या चालीचं उष्टं कशाला चघळायचं? वाक्य टाळीचं आहे. चाळीस वर्षांपूर्वी मलाही आवडलं असतं. आवडलं असतं कशाला, मी ते करूनच दाखवलं होतं, आणि त्याचं नुकसान अजून भरून निघालेलं नाही. ते पुढे येईल. आधी एका काळ्या गायकाबद्दल सांगतो. कारण मित्राने लेखाच्या शेवटी सवाल टाकलाय, की अमेरिकेतल्या काळ्यांनी ब्लूज निर्माण केला, आपण काय केलं?

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. गुलामी कायद्याने १८६५ साली संपली, पण कापसाचं रान तेच, मालक तेच, कर्जाची वही तीच. त्या रानातून, तुरुंगातून, रेल्वेच्या कामावरून हे गाणं उठलं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. आपल्याकडे गायन पार्टीत म्होरक्या ओळ टाकतो, झीलकरी ती उचलून परत म्हणतात आणि तेवढ्या वेळात म्होरक्याला पुढचं सुचतं. तसलाच प्रकार. सूरही असे, की पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळणारे. पियानोवाल्याला तो सूर सापडत नाही म्हणून तो शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो. आपला पेटीवाला तेवढंही करत नाही, तो गाणाऱ्याच्या गळ्यावर सोडून देतो.

तर हा गायक. नाव ताजमहाल. हसू नका. खरं नाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स, जन्म १९४२, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा. माझ्या भाच्याने मोबाईलवर ऐकवला, नाहीतर मला कुठला ठाऊक असायला. आई दक्षिण कॅरोलिनाकडची, शाळेत शिकवणारी, चर्चमध्ये गाणारी. बाप वेस्ट इंडीज बेटांच्या वंशातला, जाझ वाजवणारा. घरात शॉर्टवेव्ह रेडिओ, त्यावर जगभरची गाणी यायची. पोरगं अकरा-बारा वर्षांचं असताना बाप ट्रॅक्टरखाली सापडून मेला. पुढे पोरगं दुधाच्या गोठ्यावर राबलं, कॉलेजात पशुपालन शिकलं. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठात सहज खपला असता गडी.

१९६८ साली त्याची पहिली तबकडी आली, ती सरळ ब्लूजची. १९७४ च्या तबकडीत मात्र जमैका बेटाचं रेगे आलं. १९८० नंतर तो हवाई बेटांत राहायला गेला, तिथल्या वादकांना घेऊन हुला ब्लूज नावाचा ताफा उभा केला. त्यात युकुलेले आणि मांडीवर आडवी ठेवून लोखंडी पट्टीने घासायची गिटार. १९९९ साली आफ्रिकेतल्या मालीच्या तुमानी दियाबातेबरोबर बसला. असा हा आयुष्यभर देशोदेशी फिरत, मिसळत, वाजवत राहिलेला माणूस. आता वय ऐंशीच्या पुढे.

सोवळं पाळणारे सगळीकडे असतात, ब्लूजमध्येही आहेत. त्यांना गाणं कापसाच्या रानातून हललेलं खपत नाही. पण ताजमहालने परक्याचं काय घेतलं? एकाच आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून आणली, कुणाला मिसिसिपीच्या कापसात उतरवलं, कुणाला जमैकाच्या उसात. ह्याच्या तर घरातच आई कापसाकडची आणि बाप बेटाकडचा. त्याने मिसळ केली नाही, भाऊबंद एका पंगतीला बसवले. हवाईचं तसं नाही, तिथे काळे गुलाम नव्हते. तिथेही ऊस होता मात्र. युकुलेले हे वाद्यच १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यात राबायला आलेल्या मजुरांनी आणलेल्या छोट्या गिटारीवरून घडलं. आपण नगर जिल्ह्यातली माणसं. (आता कागदावर अहिल्यानगर. तोंडात अजून नगरच येतं.) ऊस कुणाच्या रक्तावर गोड होतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता त्याच्या नावाबद्दल. ताजमहाल हे नाव त्याला म्हणे स्वप्नात सुचलं. स्वप्नात गांधी, भारत आणि सहिष्णुता. ह्याला मी काय बोलू? गांधी, भारत आणि सहिष्णुता ज्याला एका स्वप्नात दिसतात, त्याला महारवाडा दिसलेला नसतो. दोष त्याचा नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइस यांना पत्र घातलं होतं, काळ्यांचं आणि अस्पृश्यांचं दुखणं सारखं आहे म्हणून. पण ते पत्र म्हणजे पत्र. स्वप्नात जातं ते गाणं, आणि आमचं गाणं तिथवर नेलं कुणी?

इथे मला आपल्या सगळ्यांचं माप काढायचंय, माझ्यासकट. १९७२ साली आपण पँथर हे नाव तिकडून आणलं. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखडे यांनी तिकडचं काळं साहित्य आपल्याला दाखवलं. १९७८ साली जनार्दन वाघमाऱ्यांचं अमेरिकन निग्रो साहित्यावरचं पुस्तक आलं, ते आम्ही हातोहात फिरवून त्याची पानं सुटी केली. लँग्स्टन ह्यूजची नावं घेतली, भाषणांत हार्लेम आणलं. पण ब्लूजची एक तबकडी आमच्यातल्या कुणी ऐकली होती? आपण काळ्यांना वाचलं. ऐकलं नाही. आणि जो काळ्यांना नुसतं वाचतो तो घरच्यालाही ऐकत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

बरं, ब्लूज इकडे आला तेव्हा काय झालं ते बघा. १९९५ साली ह्याच ताजमहालची 'मुमताज महाल' नावाची तबकडी निघाली. बरोबर विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि एन. रविकिरण यांची चित्रवीणा. दोघेही पट्टीचे वादक, प्रश्नच नाही. ती दोन्ही वाद्यं घासून वाजवायची, म्हणून ब्लूजच्या घासगिटारीशी त्यांचं जमतंही. मी ती तबकडी चार वेळा ऐकली. सुरेख आहे. आणि चारही वेळा वाटलं, की पाहुणा आला तो गावाच्या वेशीतून सरळ वाड्यावर गेला. कापसाच्या रानातलं गाणं भारतात येतं आणि त्याला भेटवतात मैफिलीतल्या वीणा. हलगी भेटवत नाहीत, तुणतुणं नाही, एकतारी नाही. ब्लूजचा इथला भाऊ कोण, हे ठरवायचा अधिकार गेला तबकडी काढणाऱ्यांकडे. त्यांनी सुराची जात जुळवली. माणसाची जुळवायची राहिली.

पण दोस्तहो, ब्लूजवाल्यांचं संगीत आपल्या वस्तीत त्याच्या कितीतरी आधी आलं होतं. वाड्यावरून नव्हे, मागच्या दाराने. तो रस्ता सांगतो.

१९३५ साली लिऑन ॲबी नावाचा काळा वादक आपला सगळा काळा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. (हा आणखी एक ताजमहाल. आपल्याला ह्यातल्या एकातही कुणी बसवलं नसतं.) त्याच्यामागून आणखी काळे जाझवाले आले. जाझ म्हणजे ब्लूजचंच शहरात वाढलेलं पोर. त्यांचं वाजवणं उचललं कुणी, तर गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून पोटासाठी मुंबईला आलेल्या ख्रिस्ती पोरांनी. त्यांच्यातला आल्दोन्याचा अँतोनियो शावियेर वाझ, ह्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत, तो पुढे त्याच हॉटेलात स्वतःचा बँड वाजवू लागला. आणि तोच चिक चॉकलेट हिंदी सिनेमात सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८, गाव पुणतांबे, जिल्हा आपलाच. माझ्या गावापासून सायकलवर तासाभराची वाट. १९४७ चा 'शहनाई', १९५१ चा 'अलबेला', १९५७ चा 'आशा'. 'अलबेला'त बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन एकत्र घुमतात. बोंगो हे क्युबा बेटाचं वाद्य, काळ्यांचं. 'आशा'तल्या निरर्थक बोलांच्या गाण्यात काळ्या जाझ गायकांची बडबडगायकी आहे आणि खाली रॉकचा ठेका. म्हणजे बघा, अमेरिकेतल्या काळ्यांचं आणि बेटांवरच्या काळ्यांचं संगीत एका भांड्यात ढवळायचं काम गोदावरीकाठी जन्मलेल्या ह्या माणसाने ताजमहालच्या पहिल्या तबकडीआधी सतरा वर्षं केलं होतं. त्याला नावं ठेवणारेही होते. मराठीच मंत्री केसकर, १९५२ पासून आकाशवाणीचं खातं त्यांच्याकडे, त्यांनी सिनेमाची गाणी तिथून हुसकली. मग लोकांनी रेडिओचा काटा सिलोनवर नेला. सिलोनही बेटच! त्याच आकाशवाणीने १९४० पासून हार्मोनियमला बंदी घातलेली, सोवळ्या सुरांना ती विटाळते म्हणून. आपल्या गायन पार्टीचा जीव जिच्यात, ती पेटी. ह्याला योगायोग म्हणायचं तर म्हणा.

सी. रामचंद्रांच्या उसनवारीबद्दल माझी बिलकुल तक्रार नाही. मोठा माणूस, त्याची चाल अजून अंगात येते. माझी तक्रार तराजूबद्दल. त्यांनी क्युबाचा ठेका घेतला तर ते प्रयोगशील. चिक चॉकलेटने तो बसवून दिला तर तो साहाय्यक. आणि तीच चाल माझ्या चुलत्याने उचलली तर ते उष्टं!

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप संपलं की चैत्रात पेटी खांद्यावर. चौदा एप्रिलपासून बुद्धपौर्णिमा उलटून पावसाचे ढग दिसेपर्यंत पार्टी फिरायची. कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासं, शेवगाव, कधी गोदावरी ओलांडून वैजापूरकडे. एस.टी.च्या टपावर पेटी आणि ढोलकी, आत सहा माणसं. बिदागी ठरलेली नाही, कुठे पंधरा रुपये, कुठे नुसतं जेवण आणि पायलीभर बाजरी. पार्टीत पेटी, ढोलकी, खंजिरी, दोन झीलकरी आणि एक बेंजोवाला. ह्या बेंजोचीही गंमत ऐका. दोन तारा छेडायच्या आणि टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, ते आपलं बुलबुलतरंग. वाद्याचा मूळपुरुष जपानचा, नागोया शहरात १९१२ साली झालेला. त्याला नाव लागलं अमेरिकेतल्या काळ्यांच्या बँजोचं, जो आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या वाद्यावरून आला. हे सगळं तात्यांना ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर म्हणाले असते, "बरं, मग? वाजतंय ना?"

'अलबेला' त्यांनी यात्रेतल्या तंबूत पाहिला, जमिनीवर बसून, तीन वेळा. पडद्यावर नाचणारा भगवान म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगाराचा पोरगा, हे त्यांना माहीत होतं आणि त्याचा अभिमान होता. त्या सिनेमातल्या ज्या गाण्यात काळजातली आग भडकते, त्या चालीवर तात्यांनी गाणं रचलं महाडच्या चवदार तळ्याचं. १९२७ ची ओंजळ. सिनेमातल्या आगीच्या जागी बरोब्बर पाणी आलं.

आता समीक्षक म्हणून मला इथे थांबायचंय, कारण आपल्या मित्राने इथेच डोळे मिटले. ऐकणाऱ्याला मूळ गाणं पाठ आहे. पेटीवर चाल सुरू होते तसा त्याचा कान आगीच्या शब्दाकडे धावतो, आणि तात्या तिथे पाणी ओततात. पण आग विझत नाही. ती त्याच्या कानात आधीपासून पेटलेली असते. पाण्याच्या शब्दाखाली ती जळत राहते, आणि तळ्याचं पाणी पेटलेलं ऐकू येतं. असं एकाच वेळी दोन ऐकू येणं हे नुसत्या शब्दाने होत नाही. माझ्या मुक्तछंदाने तर नाहीच नाही. चाल नवी रचली असती तरी झालं नसतं. ती जुनी, सगळ्यांच्या तोंडात घोळलेलीच पाहिजे. हे उष्टं नव्हे, उलटं आहे.

आणि वाद्यांचं बघा. बोंगो कुठून आणणार? ढोलकीवाल्याने तो ठेका घेतला आणि त्यात तमाशाची थाप मिसळली, त्याचा बाप फडात वाजवायचा. ट्रम्पेटचा सूर लांब टिकतो, बेंजोचा टिकत नाही, मरतो. मग बेंजोवाला तो जिवंत ठेवण्यासाठी भराभर छेडत राहायचा. त्यामुळे मूळ गाण्यात जिथे ऐट आहे तिथे तात्यांच्या गाण्यात घाई आली, तळ्याकडे निघालेल्या पावलांची घाई. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. वाद्याच्या गरिबीतून आलं. ब्लूजमध्येही फुटक्या बाटलीचं मानेकडचं नळकांडं बोटात घालून तार घासत, त्याला आज शैली म्हणतात. आपल्याकडे अशाला काय म्हणतात? जमलं नाही म्हणतात.

एकदा मी तात्यांना विचारलं होतं, तुम्ही दुसऱ्यांच्या चाली का घेता? म्हणाले, "अरं, चाल काय कुणाच्या बापाची हाय व्हय? वाऱ्यावं आली, आपल्या दारावरनं चालली व्हती, म्हनलं बस घडीभर."

ह्यात वामनदादांना मोजल्याशिवाय चालणार नाही. वामनदादा कर्डक, जन्म १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर. म्हणजे आपल्या संगमनेरची शीव ओलांडली की त्यांचा मुलूख. मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षर ओळख झाली, आणि १९४३ साली पहिलं गाणं रचलं ते एका हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन म्हणून. तिथून २००४ साली जाईपर्यंत फिरत राहिले. महाराष्ट्रात असं ठिकाण शोधावं लागेल जिथे त्यांचं गाणं पोचलं नाही, ते स्वतः पोचले नसतील तरी. तात्यांच्या वहीत निम्मी गाणी त्यांचीच उतरवलेली. वामनदादांचं तात्यांहून वेगळेपण हे, की त्यांच्यात शब्द हळूहळू चालीवाचून उभा राहायला लागला. टाटा-बिर्लांकडे धनातला वाटा मागणारं त्यांचं गाणं कागदावर वाचलं तरी पाय आपटतो. म्हणून एकाच गाण्याला चार पार्ट्या चार चाली लावतात आणि गाणं टिकतं. तात्यांचं गाणं टिकत नाही. ते चालीला चिकटून जन्मलं. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही, जात वेगळी आहे म्हणून सांगतो. (जात हा शब्द इथे नको होता, पण राहू दे.)

भीमराव कर्डकांनी जलशांवर १९७८ साली स्वतः पुस्तक लिहिलं, कृष्णा किरवल्यांनी आंबेडकरी शाहिरीवर संशोधन केलं, हे मोठं काम. पण त्यानंतर? माझी दहा भाषणं एकीकडे आणि जलशाचा एक कार्यक्रम एकीकडे, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आपण दर जयंतीला सांगतो. सांगतो आणि चालीबद्दल एक ओळ लिहीत नाही. शब्द तपासतो, त्यातला विचार किती शुद्ध ते मोजतो. गाणं हे आपल्या लेखी भाषणाला लावलेली पेटी.

म्हणून भीमगीतांचं सगळंच गोड मानायचं, असं नाही. ब्लूजवाल्यापाशी एक गोष्ट आहे ती आमच्या पार्ट्यांनी घालवली, ती म्हणजे 'मी'. तो स्वतःची भूक, स्वतःची बायको सोडून गेलेली, चुकलेली गाडी, प्यालेली दारू, सगळं गातो. तात्यांच्या एकोणीस गाण्यांत तात्या कुठेच नाहीत. हंगाम संपल्यावर बिनपगारी दिवस कसे काढले, काकू कशाने खंगली, एक ओळ नाही. सगळं बाबांच्या चरणी. वामनदादांत हा 'मी' अधूनमधून डोकावतो, म्हणून ते मोठे. दुसरं, बायका. ब्लूज तबकडीवर आणला १९२० साली मेमी स्मिथ ह्या बाईने, आणि पुढे बेसी स्मिथने त्याला राणीपण दिलं. आपल्या चळवळीने बायांना तमाशातून बाहेर काढलं, ते रास्तच होतं, पण गायन पार्टीच्या सतरंजीवर त्यांना जागा द्यायला फार उशीर केला. आज औरंगाबादकडच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन एकट्या बसतात आणि ऐकणारा गप होतो. माझ्या कानाला ब्लूजच्या सगळ्यांत जवळचं काही वाटत असेल तर ते. त्या कुणाला विचारून ब्लूज झाल्या नाहीत.

आणि कॅसेटवाल्यांनी पुढे जे केलं त्याबद्दल मित्राचं म्हणणं मला मान्य. चालू सिनेमाची चाल उचलायची, नाव बदलायचं, झालं भीमगीत. तिथे उलटं काही होत नाही. आग होती तिथे आरती येते. चाल घेतली म्हणून ती गाणी वाईट नाहीत. चालीशी झगडली नाहीत म्हणून वाईट. डीजेबद्दल बोलायला माझ्या छातीत आता जोर नाही, समोरून भिंती गेल्या तरी धडधड सुरू होते.

आता माझी करणी.

१९८० च्या सुमारास आम्ही चार पोरं मिळून एक अनियतकालिक काढायचो. सायक्लोस्टाईल, बारा पानं, शाई हाताला आठवडाभर. मी मुक्तछंद लिहायचो, शिव्या घालायचो, तात्यांच्या पार्टीची मला लाज वाटायची. पण एका अंकाला मजकूर कमी पडला म्हणून त्यांची वही आणली आणि एकोणीस गाण्यांचा अंक काढला. वहीत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर तात्यांनी लाल शाईने लिहिलेलं, 'चाल' आणि पुढे सिनेमाचं गाणं. आपल्या सगळ्या पुस्तिकांत असतं तसं. स्टेन्सिल मीच कापली. आणि ती लाल ओळ प्रत्येक गाण्याची गाळली. पुण्यामुंबईचे वाचतील, म्हणतील ही तर सिनेमाची नक्कल. मला ती कविता दिसायला हवी होती.

अंक तात्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिलं पान उलटून पालटून पाहिलं. "वरची वळ कुठं गेली?" मी म्हणालो, तात्या, कवितेला चाल लागत नाही. ते थोडा वेळ गप बसले. मग म्हणाले, "आन म्हनायचं कसं?"

ह्यावर मी तेव्हा काहीतरी विद्वत्तापूर्ण बोललो असणार. आठवत नाही, बरं झालं. वही पुढे घराच्या गळतीत गेली. तात्या १९९३ ला गेले. आता माझ्यापाशी आहे तो अंक, पिवळा पडलेला. त्यात एकोणीस मुकी गाणी.

गेली सहा वर्षं मी त्या चाली शोधतोय. मात्रा मोजतो, कुठे शब्द उगाच ताणलाय ते बघतो, तिथे मूळ गाण्यात सूर लांबला असणार. १९५० ते १९७० मधली सिनेमाची गाणी मोबाईलवर लावतो आणि तात्यांचे शब्द वरून म्हणून बघतो. बायको म्हणते, ह्या वयात हे काय खूळ. तळ्याचं गाणं मला असं सापडलंच नव्हतं. दोन झीलकऱ्यांतला एक अजून आहे, कानाने अधू, शब्द एक आठवत नाही. त्याच्यापुढे अंक वाचून दाखवला तर त्याची बोटं बाजेच्या माचव्यावर आपोआप चालायला लागली. तो ठेका ऐकला आणि मला एकदम भगवान नाचताना दिसला. त्या दिवशी मी घरी येऊन रात्रभर ते गाणं म्हणत बसलो. आणि पेटलेलं पाणी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. छापलं होतं मीच, त्याला चाळीस वर्षं झाली होती.

आजपर्यंत अकरा चाली लागल्या. त्यातल्या तीन पुणतांब्याच्या माणसाच्या. एका गाण्याची चाल हवाई गिटारवर वाजलेल्या जुन्या गाण्याची निघाली, ती घासगिटार हवाईच्या टाउ मो नावाच्या वादकाने १९४० नंतर कलकत्त्याला मुक्काम ठोकून आपल्याकडे रुजवली. म्हणजे ताजमहाल हवाईला जाऊन ब्लूजमध्ये बेट मिसळत होता, त्याच्या कितीतरी आधी नेवाश्याच्या वस्तीत ते बेट बेंजोवर वाजून गेलं होतं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मामा, ह्याचा व्हिडिओ करू. करील तेव्हा करील.

आठ राहिल्यात. त्यातली एक दामोदर खोऱ्याच्या मंडळावर नसून आपल्याच कालव्यावर आहे, पाटकऱ्याला उद्देशून, आणि तिच्या दुसऱ्या कडव्यात 'पाटाचं' हा शब्द तीनदा येतो. दुसरी दिसते पाळण्यासारखी, पण दर तिसऱ्या ओळीला अडखळते, तेव्हा पाळणा नसावा. एक गाणं रमाईचं आहे, सगळ्यांत लांब. १९६५ ते ८० ह्या काळात कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासं, वैजापूर ह्या बाजूला चैत्रात फिरणारी सहा माणसांची पार्टी ज्यांनी ऐकली असेल, बेंजोवाला डावखुरा होता, त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं. शब्द पाठवू नका, शब्द माझ्यापाशी आहेत. नुसती वरची ओळ पाठवा.